मधल्या वाट्याचा मालक कोण?

माप खोटे असेल तर ते तराजूवर सिद्ध करता येते. भाव खोटा असेल तर तो कशावर सिद्ध करायचा? धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण लहानपणी जे शिकलो, त्यात खोट्या मापाचा निषेध स्पष्ट होता. चोरी, लबाडी, उसने घेतलेले परत न करणे, यांचाही होता. परंतु मेथीच्या जुडीला दहा रुपये मागणाऱ्या बाईला पाच रुपयांवर आणून आपण विजयी मुद्रेने घरी येतो, तेव्हा आपल्या हातून काही वावगे घडले की आपण केवळ व्यवहारचातुर्य दाखवले, याचे उत्तर त्या वर्गात मिळाले नव्हते. बहुधा तो प्रश्नच कुणी विचारला नसावा.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न टाळणे अवघड झाले आहे. नांदेड-लातूरकडच्या आठवडी बाजारात शेतकरी स्वतः माल घेऊन बसतो, ही गोष्ट नवीन नाही; गावोगावच्या बाजाराचा वार तेथे घरातल्या सणासारखा पाठ असतो. नवीन आहे ते एवढेच, की या बसण्याला आता शासकीय धोरणाचे रूप आले आहे. जुलै 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली, आणि त्याच सुमारास संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजाराचे अभियान राज्यभर सुरू केले. अरणच्या मळ्यात राबणाऱ्या संताचे नाव सरकारी योजनेला देताना कुणाला तरी औचित्याचे भान होते, हे मान्य केले पाहिजे. 2020 च्या टाळेबंदीत तर पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकाशी शेतकरी गटांच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि ‘शेतातून थेट घरात’ हे शब्द सर्वांच्या तोंडी बसले.

या सर्व खटाटोपामागचे गृहीत एकच आहे. शेतकरी आणि ग्राहक यांच्यामध्ये अडत्या, व्यापारी, किरकोळ विक्रेता अशी साखळी आहे; ती दूर केली की शेतकऱ्याला जास्त मिळेल आणि ग्राहकाला कमी द्यावे लागेल. साखळी लांब आहे याबद्दल वाद नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार ग्राहकाच्या एका रुपयातून शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोचे सुमारे 33 पैसे, कांद्याचे 36, बटाट्याचे 37 आणि केळीचे 31 पैसे पडतात. अर्धापूरच्या केळीबागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा शेवटचा आकडा जरा जास्तच बोचेल. उरलेले साठ-सत्तर पैसे म्हणजेच तो मधला वाटा. दलाल दूर झाला, बाजार थेट झाला; मग त्या वाट्याचा मालक कोण?

शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, माझा. ग्राहकाला विचाराल तर तो तसे म्हणणार नाही, पण त्याचे वागणे बोलते. शेतकरी बाजारात सर्वांत जास्त कानावर पडणारे वाक्य ऐका : “तुम्ही तर थेट शेतातून आणता, मग एवढा भाव कशाला?” या वाक्यात मोठा तर्क दडलेला आहे. दलाल गेला याचा अर्थ त्याचा वाटा आता मला मिळावा, असे ग्राहकाला वाटते. वर कोथिंबिरीच्या दोन काड्या आणि चार मिरच्या फुकट हव्या असतात, त्या वेगळ्याच. (लातूर जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, फुकट मागण्याची आपली सवय मात्र मानांकनाने सुटेल असे दिसत नाही.)

या तर्कात एक गोम आहे. ती पाहण्यासाठी एक साधा हिशेब मांडू. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, एका बाईने मेथीच्या शंभर जुड्या आणल्या. मोंढ्यात लिलावात जुडीला पाच रुपये मिळाले, तर पाचशे रुपये झाले. हमाली आणि इतर खर्च पन्नास धरला तर साडेचारशेची पट्टी हातात घेऊन ती सकाळी नवाला गावाकडे परतते आणि दहाला शेतात असते. तीच बाई शेतकरी बाजारात बसली आणि तिने जुडीला दहा रुपये सांगितले, तर दिवसभरात सत्तर जुड्या दहाने गेल्या, वीस जुड्या संध्याकाळी पाचने गेल्या आणि दहा सुकून शेळीपुढे पडल्या असे धरू. आठशे रुपये आले. त्यातून टेम्पोचे भाडे, जागेचे पैसे, चहा-भाकरी मिळून एकशे ऐंशी वजा केले तर सहाशे वीस उरले. मोंढ्यापेक्षा एकशे सत्तर रुपये जास्त! पण या एकशे सत्तर रुपयांसाठी ती पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत उन्हात बसली, ओरडली, पाणी शिंपडत राहिली, सुटे पैसे शोधत राहिली. आणि तिकडे शेतातले तिचे एक दिवसाचे काम बुडाले. दुसऱ्याच्या शेतावर निंदायला गेली असती तर त्या दिवसाची मजुरी याहून जास्त झाली असती.

म्हणजे दलाल गेला तरी दलालाचे काम गेले नाही. माल वाहून नेणे, निवडणे, गिऱ्हाइकाची वाट पाहणे, न खपल्याचा तोटा सोसणे ही सगळी कामे होतीच; ती आता त्या बाईच्या डोक्यावर आली. म्हणून मधला वाटा हा हवेत तरंगणारा नफा नव्हे. त्यात लबाडी असू शकते, अनेकदा असते. पण त्याचा मोठा भाग कामाचा मोबदला असतो. आणि ‘थेट आणले म्हणून स्वस्त द्या’ असे म्हणणारा ग्राहक खरे तर असे म्हणत असतो, की तुमचे दुसरे काम मला फुकट करून द्या.

मध्ययुगातील एका ग्रंथाची येथे आठवण होते, ती पांडित्य मिरवण्यासाठी नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील 77वा प्रश्न खरेदी-विक्रीतील फसवणुकीला वाहिलेला आहे. तेथे ते म्हणतात ते थोडक्यात असे : वस्तू तिच्या मोलापेक्षा जास्त भावाने विकणे अन्यायाचे, तसेच मोलापेक्षा कमी भावाने विकत घेणेही अन्यायाचे. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. भावाचा दोष नेहमी विक्रेत्याच्या पदरी टाकण्याची आपल्याला सवय आहे. अक्वायनस तो खरेदीदाराच्याही पदरी टाकतात. पुढे ते एक बारीक भेद करतात. घेणाऱ्याला वस्तूची फार गरज आहे, एवढ्या कारणाने विक्रेत्याने भाव वाढवू नये, कारण ती गरज विक्रेत्याने निर्माण केलेली नाही, ती विकण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु वस्तू देताना विक्रेत्याला स्वतःला काही झळ सोसावी लागत असेल, तर त्या झळीचा मोबदला तो भावात धरू शकतो. मेथीवालीचा बुडालेला दिवस ही अशी झळ आहे. ती दहा रुपये मागते तेव्हा आपली मेथी आणि आपला दिवस दोन्ही विकत असते. न्याय्य भाव म्हणजे गणितासारखा एकच आकडा नव्हे, तो अंदाजानेच ठरतो, हेही त्या संताने प्रांजळपणे मान्य केले आहे. त्यामुळे दहाऐवजी नऊ दिले तर पाप घडले असे म्हणण्याचे कारण नाही. घासाघीस हा बाजाराचा प्राण आहे, आणि पुष्कळदा तो दोघांच्या करमणुकीचाही भाग असतो.

पण घासाघीस करणारे दोघे सारख्या बळाचे असतात का? खरा पेच येथे आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या वेतनाबद्दल जे लिहिले, ते माळव्याच्या टोपलीलाही लागू पडते. कामगाराने मान्य केले म्हणून वेतन न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी किंवा याहून वाईट घडेल या भयापोटी त्याने ते मान्य केले असेल तर तो बळजबरीचा बळी आहे, असा त्यांचा आशय होता. पुढे 1967 साली पोप पॉल सहावे यांनी ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’मध्ये हेच तत्त्व राष्ट्राराष्ट्रांतील व्यापाराला लावले. मेथी, पालक, कोथिंबीर यांचा स्वभावच असा की संध्याकाळपर्यंत त्या मान टाकतात. सोयाबीन, तूर, हरभरा थांबू शकतात. त्यांच्यासाठी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे, गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या पाऊणपट कर्ज मिळते आणि शेतकरी भाव येईपर्यंत तग धरू शकतो. मेथीला कोण तारण ठेवून घेणार? सकाळी आठ वाजता ती बाई “परवडत न्हाई ओ ताई” असे म्हणून मान फिरवू शकते. संध्याकाळी सातला, शेवटच्या गाडीची वेळ झाली असताना, तिची ‘बरं, द्या’ ही संमती कोणत्या प्रकारची असते?

‘थेट’ हा शब्द कानाला गोड लागतो म्हणून त्याला पुण्यवान मानण्याची घाई करू नये. आपल्या प्रदेशात एके काळी व्यवहार थेटच होता. सावकार-व्यापारी खळ्यावर येई, धान्य तेथेच मोजून नेई. भाव तो सांगेल तो, माप त्याचे, कर्जाची वही त्याची. रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत आणि मालाच्या धन्याला आपला माल कितीला गेला हे शेवटी कळे. नियंत्रित बाजार निघाले ते या थेटपणावर उपाय म्हणून. वऱ्हाडात कारंजा येथे 1886 साली कापसाचा असा बाजार सुरू झाला. नांदेड आणि लातूर तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे 1930 साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला. आणि महाराष्ट्राचा कायदा 1963 चा. उघडा लिलाव, प्रमाणित काटा, लेखी पट्टी या गोष्टी शेतकऱ्याला मोठ्या प्रयासाने मिळाल्या. पुढे त्याच आवारांत नव्या मक्तेदाऱ्या मुरल्या, हा भाग निराळा. लातूरच्या बाजारात तुरीचा सौदा निघाला की त्याच्याकडे दूरदूरचे व्यापारी कान लावून असतात. तेवढी मोठी गर्दी एका ठिकाणी जमल्याशिवाय खुला भाव ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. रस्त्याच्या कडेला एकट्या बसलेल्या बाईपुढे मात्र लिलाव नसतो. तिच्यापुढे एका वेळी एकच गिऱ्हाईक उभे असते, आणि ते निघून जाऊ शकते.

आता दुसरी बाजू. संध्याकाळच्या उठत्या बाजारात कोण खरेदी करते, हे एकदा उभे राहून पाहावे. मोटारीतून येणारे लोक त्या वेळी नसतात. ते सकाळी ताजा माल घेऊन गेलेले असतात. उठत्या बाजारात चार घरची धुणी-भांडी करून परतणाऱ्या बाया असतात, बांधकामावरचे मजूर असतात, अंगणवाडीतल्या मदतनीस असतात. पाच रुपयांची मेथी मिळाली म्हणूनच त्यांच्या घरी त्या रात्री भाजी शिजते. त्यांनी दहा रुपये द्यावेत असे सांगण्याचा नैतिक अधिकार मला तरी वाटत नाही. गरीब विक्रेती आणि गरीब ग्राहक समोरासमोर आले म्हणजे न्यायाची तागडी हातात धरवत नाही. पोप जॉन तेविसावे यांनी 1961 च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात शेतीवर बराच विस्ताराने विचार केला आहे, आणि त्यांनी हा पेच टाळलेला नाही. अन्न ही मूलभूत गरज असल्याने त्याचा भाव सर्वांना परवडेल असा असावा, हे ते मान्य करतात; पण या कारणाचा आधार घेऊन शेतकऱ्यांच्या एका सबंध वर्गाला कायम हीन स्थितीत ठेवता येणार नाही, असेही बजावतात. मग फरक कोणी भरावा? गरिबाला स्वस्त अन्न मिळावे ही साऱ्या समाजाची जबाबदारी असेल, तर तिचा भार एकट्या मेथीवालीने का उचलावा? आणि ज्याला दहा रुपये सहज देता येतात त्याने सकाळी आठला पाचवर आणले, तर त्याला उठत्या बाजारातल्या बाईची सबब वापरता येत नाही. दोघांनी दिलेला भाव एकच असला तरी दोघांचे कृत्य एक नाही.

तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशात या कोंडीवर एक उपाय शोधला गेला. 1999 च्या जानेवारीत तेथे ‘रयतू बाजार’ सुरू झाले. त्याच्या आधी पंजाबात 1987 साली ‘अपनी मंडी’ निघाली होती, आणि 1999 च्याच नोव्हेंबरात तमिळनाडूने ‘उळवर संदै’ सुरू केले. रयतू बाजारात शेतकऱ्याला छायाचित्राचे ओळखपत्र असते, आणि रोज सकाळी भाव ठरवून फलकावर लिहिले जातात. ठोक भावापेक्षा ते जास्त असतात, किरकोळ भावापेक्षा कमी. म्हणजे मधल्या वाट्याची चक्क वाटणी केली जाते. फलक असला की सकाळच्या मोटारवाल्याला आणि संकोची विक्रेतीला एकच आकडा दिसतो, आणि कुणाच्याही जिभेची धार चालत नाही. मला ही पद्धत आवडते. हौशी गिऱ्हाइकांना ती नीरस वाटेल, वाटू द्यावी. अर्थात ओळखपत्रे असूनही शेतकऱ्याच्या वेषात व्यापारी शिरतात, अशी कुरकुर अशा बाजारांबद्दल नेहमी ऐकू येते.

अक्वायनस यांनी याच प्रश्नात एक गोष्ट चर्चेला घेतली आहे. एक व्यापारी दुष्काळी गावात धान्य घेऊन येतो. त्याला ठाऊक आहे की मागून आणखी धान्याच्या गाड्या येत आहेत. हे त्याने गावकऱ्यांना सांगावे काय? कठोर न्यायाने तो बांधील नाही, पण सांगितले तर ते अधिक सद्गुणाचे, असा निर्वाळा ते देतात. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर त्या दिवशीचे बाजारभाव दिसतात. गिऱ्हाईक मोंढ्याचा भाव दाखवून मेथीवालीला गप्प करते. परंतु शहरातल्या मॉलमध्ये तीच मेथी प्लॅस्टिकच्या पिशवीत काय दराने विकली जाते, हे तिला कुणी दाखवत नाही.

थेट विक्रीचा आवाका मात्र मर्यादित आहे. नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याचे पोट मुख्यतः सोयाबीन, तूर, हरभरा, ऊस आणि हळद यांवर आहे. सोयाबीन कोण ग्राहक थेट विकत घेणार? ते तेलाच्या कारखान्यातच जाते. केळी हिरवी उतरवतात, ती पिकवणीच्या खोलीतून गेल्याशिवाय खाता येत नाही. तुरीची डाळ व्हायला गिरणी लागते, आणि शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर किलोच्या आसपास डाळ निघते. अर्थात उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची जी जुनी रीत होती, ती ज्वारी, तूर आणि हळदीची थेट खरेदीच होती. ठरलेला शेतकरी घरी पोती आणून टाकी, पैसे कधी आज कधी दिवाळीला. भाव वर-खाली झाला तरी दोन्हीकडे थोडी लाज असे. वसईच्या आपल्या बांधवांनाही हा नात्याचा बाजार नवा नाही. तिथल्या माय-माउलींनी पाटीत भाजी, केळी आणि फुले घेऊन मुंबई गाठली आणि ठरलेल्या घरांची गिऱ्हाइकी पिढ्यान्‌पिढ्या जपली. किलोच्या पाकिटांनी ती रीत मोडली. लातूरच्या बोरसुरी डाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 साली मानांकन मिळाले आहे. ज्या कुटुंबांना पाच-दहा किलोची एकदम खरेदी झेपते, त्यांनी नाव विचारून माल घ्यायला हरकत नाही.

या साऱ्या चर्चेत ‘शेतकरी’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मराठवाड्यातल्या आपल्या धर्मग्रामांतील बरीच कुटुंबे दुसऱ्याच्या शेतात राबणारी आहेत. मेथी पहाटे कोण उपटते, जुड्या कोण बांधते? थेट विक्रीने मालकाच्या हाती जुडीमागे दोन रुपये जास्त आले, तर जुडी बांधणारीच्या मजुरीत त्यातले किती उतरतात? ग्राहकाकडे न्याय्य भाव मागणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा हक्क तिला आहे, आणि तो विचारला की बांधावरचे बोलणे एकदम थांबते. काही बाया बटईने किंवा ठोक्याने दहा-वीस गुंठे घेऊन स्वतःचे माळवे लावतात आणि बाजारात आणून बसतात. मात्र शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून आपल्याकडे सात-बाराचा उतारा पाहतात. त्यावर जमीन मालकाचे नाव असते. बटईचा व्यवहार तोंडी, पीक-पाहणीतही तिचे नाव क्वचितच लागते. शेतकरी बाजाराच्या मांडवाखाली जागा मागायला ती गेली, तर ती शेतकरी की व्यापारी, हे ठरवणाऱ्या माणसापुढे दाखवायला तिच्याजवळ मातीने भरलेले हात आणि ओली टोपली एवढेच असते.